जातीवरून आलेले बोलण्यातले शब्द: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी परभणीत अकरावी-बारावीला मराठी शिकवते. वर्गात एकदा एका शब्दावरून बोलणं निघालं, आणि तेव्हापासून विद्यार्थी, त्यांचे पालक, इतर शाळांमधले शिक्षक मला प्रश्न पाठवत आले आहेत. बरेचसे तेच ते असतात, म्हणून इथे एकत्र केले आहेत. पाठवणाऱ्यांची नावं काढली आहेत. मी एरवी उच्चारत नाही असे काही शब्द या पानावर लिहावे लागले, कारण त्यांच्याबद्दल बोलायचं तर त्यावाचून भागत नाही.

१. जातीवरून आलेले शब्द म्हणजे शिव्याच ना?

शिव्या आहेतच, पण त्या ओळखायला कोणाची मदत लागत नाही. हे पान जास्त करून शिवी न वाटणाऱ्या शब्दांबद्दल आहे. कामात घिसाडघाई झाली. पोरगं अगदी बेरड आहे. त्या भामट्यानं पैसे बुडवले. नसत्या चांभारचौकश्या कशाला? अनुवाद धेडगुजरी झालाय. ही वाक्यं वर्तमानपत्रात छापून येतात, भाषणांत येतात, शिकल्यासवरल्या घरांत जेवताना बोलली जातात. प्रत्येकात कुठल्या तरी समाजाचं नाव आहे: घिसाडी, बेरड, भामटा, चांभार, धेड. त्यातला शेवटचा शब्द निजामाच्या राज्यात महारांना हिणवून लावला जायचा. आमच्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांना तो अजून आठवतो, आणि कोणत्या सुरात म्हटला जायचा तेही आठवतं.

याखेरीज प्रदेश, धर्म, वंश यांवरून आलेले शब्द आहेत: मोगलाई, हबशी, मारवाडी, घाटी. त्यांचा हिशेब प्रत्येकी वेगळा आहे (प्रश्न ७, ८, ११ आणि १२ पाहा).

२. मॅडम, माझ्या मनात तसं काहीच नसतं. मग अपमान कसा होतो?

माझ्याही मनात नव्हतं. काही वर्षांपूर्वी मी एका निबंधाचा नमुना फळ्यावर लिहून दिला. त्यात एक वाक्य होतं: शेवटच्या आठवड्यात घिसाडघाईनं केलेला अभ्यास टिकत नाही. वह्या तपासायला घेतल्या तेव्हा एका मुलीच्या वहीत सगळा निबंध उतरवलेला होता, फक्त त्या एका शब्दाची जागा कोरी. मला वाटलं, तिला फळ्यावरचं दिसलं नसेल. मी लाल शाईनं शब्द भरून वही परत केली. पुढे आठवडी बाजारात तिचे वडील दिसले. भाता लावून खुरपी ठोकत बसले होते, आणि भाता ती ओढत होती. माझ्याकडे तिनं पाहिलं आणि मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, काही नाही मॅडम. वाद नाही, तक्रार नाही. स्वतःच्या हातानं तो शब्द लिहवला नाही, एवढंच. माझा हेतू वाईट नव्हता हे तिला माहीत होतं, आणि तरीही ती जागा तिनं कोरी सोडली होती. म्हणून हेतू काय होता हा प्रश्न मी आता दुसऱ्या नंबरवर ठेवते. आधी बघायचं की त्या नावाचा माणूस समोर, शेजारी, वर्गात आहे का, आणि ऐकताना त्याच्या वाट्याला काय येतं.

३. घिसाडघाईत वाईट काय आहे? लोहाराचं काम घाईचंच असतं की.

हे पुष्कळजण विचारतात, आणि त्यात अर्धं खरं आहे. लोखंड लाल असतं तेवढ्या वेळातच घाव पडायला हवेत, गार झालं की पुन्हा भट्टीत. त्या वेगाला हात बसायला वर्षं लागतात. मराठीत मात्र घिसाडघाईचा अर्थ झाला नीट विचार न करता, कसंबसं, अर्धवट उरकलेलं काम. कसबाचा वेग घेतला आणि त्याचं नाव गबाळेपणाला दिलं.

घिसाडी हा फिरस्ता लोहार समाज, आपल्याकडे भटक्या जमातींत मोडतो. मराठवाड्यातल्या ज्वारी-कापसाच्या रानात जे खुरपं, विळा, कुऱ्हाड चालायची, ती गावकुसाबाहेर पाल टाकून राहिलेल्या या लोकांनी ठोकलेली असायची. आता कारखान्यातली अवजारं हार्डवेअरच्या दुकानात मिळतात आणि त्यांचं काम सुटत चाललंय. काम जातंय आणि दूषण तेवढं भाषेत राहतंय, हे मला फार टोचतं.

हा शब्द मी सोडला आहे. त्यावाचून काही अडलं नाही. घाईगडबड, उरकाउरक, घाईघाईत उरकलेलं, विचार न करता घेतलेला निर्णय, यातलं काहीतरी बसतंच. संपादकीय लिहिणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे, कारण हा शब्द सगळ्यात जास्त तिथेच दिसतो.

४. भामटा, बेरड हे तर जुने शब्द आहेत. शब्द आधी की जात आधी?

यावर वाद घालता येतो, पण त्यानं फारसं काही ठरत नाही. शब्दावरून समाजाला नाव पडलं असेल तर बाहेरच्यांनी आख्ख्या समाजालाच दूषण देऊन ठेवलं. समाजावरून शब्द पडला असेल तर समाजाचं नावच दूषण झालं. दोन्हीकडून भोगणारी माणसं तीच.

आणि त्यांनी नुसतं बोलणं भोगलेलं नाही. इंग्रज सरकारनं १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला. त्याखाली पुढे देशभरातल्या कितीतरी जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या गेल्या. पोलिसांत नोंद, वेळोवेळी हजेरी, गाव सोडायचं तर परवानगी. जन्मलेल्या मुलानं काही केलेलं नसताना त्याच्यावर संशय. स्वातंत्र्यानंतर, ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, या जमातींची त्यातून सुटका झाली. विमुक्त हा शब्द तिथून आला. महाराष्ट्राच्या यादीत चौदा विमुक्त जाती आहेत. त्यांत बेरड, भामटा, राजपूत भामटा, रामोशी, कैकाडी, वडार, कंजारभाट, बंजारा आहेत.

म्हणजे एखाद्या मुलाच्या जातीच्या दाखल्यावर सरकारी शिक्क्यासह राजपूत भामटा असं लिहिलेलं असतं, आणि त्याच दिवशीच्या पेपरात मथळा असतो, भामट्यानं वृद्धेची सोनसाखळी लांबवली. तो मुलगा तो दाखला वर्गात सर्वांसमोर कसा काढेल? चोराला चोर म्हणता येतं, ठकवणाऱ्याला लबाड, लफंगा म्हणता येतं.

बेरडचं तर मला विशेष वाईट वाटतं. कोडगा, निर्लज्ज, कितीही बोला ज्याला लागत नाही असा, हा अर्थ आपण घेतला. बेरडांचा इतिहास मात्र असा, की १७०५ साली औरंगजेब म्हातारपणी जातीनं ज्या शेवटच्या मोहिमेवर गेला, ती वागीनगेऱ्याच्या बेरड नायकाविरुद्ध होती. सुरपूरचा हा मुलूख पुढे निजामाच्या अमलाखाली होता, म्हणजे आपल्याच जुन्या राज्यातला. त्या बादशहाचं थडगं खुलताबादेत आपण दाखवतो. त्याला झुंजवणाऱ्यांचं नाव मात्र आपल्याकडे ‘काय बेरडासारखं हसायलास’ यापुरतं उरलं.

५. लोकांना प्यायला पाणी नाही, शेतकरी आत्महत्या करतायत, आणि तुम्ही शब्द धरून बसलात?

हा प्रश्न रागानं येतो, आणि तो राग मला समजतो. पण मराठवाड्यातल्या माणसानं तरी नावात काय आहे असं विचारू नये. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला, आणि गावागावांत दलित वस्त्या पेटल्या, माणसं मारली गेली. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावं लागलं. साडेपंधरा वर्षं. एका नावासाठी कोणी घरं जाळली आणि कोणी जीव दिले, तो हाच प्रदेश.

ज्या वस्तीला पाणी शेवटी पोचतं, तिथल्याच माणसांची नावं वाकडी करून बोलली जातात. मी दोन्ही गोष्टींबद्दल बोलते. पाण्याबद्दल बोलायला माझ्याकडे टँकर नाही, शब्दांबद्दल बोलायला वर्ग आहे.

६. लमाण म्हणायचं की बंजारा? आणि वंजारी म्हणजे तेच का?

आधी दुसरं. नाही, तेच नाही. नावं जवळची आहेत, म्हणून बाहेरचे लोक सारखी गल्लत करतात, आणि दोन्हीकडच्या माणसांना ते खटकतं. महाराष्ट्रात बंजारा विमुक्त जातींत आहेत, वंजारी भटक्या जमातींच्या ‘ड’ गटात. शेजारच्या तेलंगणात लंबाडा अनुसूचित जमातीत आहेत. बंजाऱ्यांची स्वतःची गोरबोली आहे. ते स्वतःला गोर, गोरमाटी म्हणवतात.

आता पहिलं. लमाण हा शब्द मिठाच्या व्यापाराशी, म्हणजे लवणाशी जोडला जातो. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून हे तांडे मुलूख ओलांडायचे. त्यात मुळात कमीपणा काहीच नाही. आमच्या भागातली कित्येक वयस्क बंजारा माणसं स्वतःच आम्ही लमाण असं सहज म्हणतात. पण बाहेरच्याच्या तोंडून ‘लमाणी’ बहुतेक वेळा दुसऱ्या अर्थानं येतो: भडक कपडे, मोठमोठ्यानं बोलणं, अडाणीपणा. ‘काय लमाणीण दिसायलीस’ हे नव्या मुलीला तिची मैत्रीण म्हणते तेव्हा त्यात आरसेकाम केलेल्या कांचळीचं कौतुक नसतं.

म्हणून बंजारा म्हणा. समोरच्यानं स्वतःसाठी दुसरा शब्द वापरला तर तो त्याचा हक्क आहे. तो तुमच्याकडे आपोआप येत नाही (प्रश्न १४ पाहा).

७. “इथं काय मोगलाई लागून गेली का” असं आमचे आबा सारखं म्हणतात. त्यानं मुसलमानांचा अपमान होतो का?

शब्द कुठून आला ते बघू. निजाम-उल-मुल्क हा मोगलांचा सुभेदार. १७२४ साली त्यानं दख्खनमध्ये स्वतःचा अंमल बसवला, पण कागदोपत्री मोगलांचं नाव राहिलं, म्हणून मराठी माणूस निजामाच्या मुलखाला मोगलाईच म्हणत राहिला. पलीकडच्या इंग्रजी मुलखातल्यांसाठी आपण सगळे, हिंदू-मुसलमान दोन्ही, मोगलाईतले. कायदा ज्याच्या त्याच्या मर्जीवर, असा अर्थ त्यातून आला. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आबांच्या पिढीनं किंवा त्यांच्या वडलांनी ती राजवट अंगावर घेतली आहे.

माझ्या मते हा शब्द राजवटीचा आहे, शेजाऱ्याचा नाही, आणि आबांनी ग्रामपंचायतीच्या कारभाराला मोगलाई म्हटलं तर मला त्यात काही वावगं दिसत नाही. मात्र मोहल्ल्यातल्या शकूरचाचांच्या दुकानासमोर गाडी लावण्यावरून भांडण झालं आणि त्यांना ‘मोगलाई संपली आता’ असं सुनावलं, तर तो शब्द राजवटीचा राहिला नाही. तो थेट त्यांच्या धर्मावर गेला. रझाकार, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र दलातला माणूस, या शब्दाचंही तसंच. १९४८ च्या माणसांबद्दल तो इतिहास आहे, आजच्या वर्गातल्या मुलाला चिडवायला वापरला तर ती दुष्टाई आहे.

८. काळ्या मुलाला हबशी म्हणतात, ते तर परदेशातले लोक. इथं कोणाला लागणार?

पहिल्यांदा त्या मुलाला लागणार. काळेपणा म्हणजे कुरूपता, असं सांगितल्याशिवाय हा शब्द चिडवायला चालतच नाही.

दुसरं, हबशी परके हे मराठवाड्यात बसून म्हणायचं म्हणजे फारच झालं. मलिक अंबर हबशीच होता. आफ्रिकेतल्या आजच्या इथिओपियात जन्मला, गुलाम म्हणून विकला गेला आणि पुढे अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. १६१० च्या सुमारास त्यानं खडकी वसवली, तेच आजचं छत्रपती संभाजीनगर. जमिनीखालून पाणी आणणारी नहर-ए-अंबरी त्यानं बांधली. तो १६२६ साली गेला, त्याची कबर खुलताबादेत आहे. दुष्काळी मुलखात शहराला पाणी देणाऱ्या माणसाचा वंश आपण शिवीसारखा वापरतो. सातवी-आठवीच्या मुलांना ही गोष्ट सांगून बघा. मी सांगितली आहे, आणि त्यानंतर वर्गात तो शब्द मी ऐकला नाही.

९. मग “गोंधळ” पण बंद करायचा का? तो तर गोंधळ्यांचा.

नाही. इथे मी ठामपणे नाही म्हणते, कारण प्रत्येक शब्दावर बोट ठेवायला लागलं की लोक ऐकेनासे होतात, आणि मग घिसाडघाई-भामट्याचंही ऐकत नाहीत.

गोंधळ हे तुळजाभवानीचं, रेणुकेचं विधिनाट्य. लग्न झालं की आपल्याकडे घरोघर घालतात. संबळ, तुणतुणं, पेटती दिवटी, रात्रभर आख्यान. त्या गजबजीवरून अव्यवस्था हा अर्थ आला असावा. पण शब्द विधीचा आहे, माणसाचा नाही. ‘काय गोंधळ घातलाय’ म्हणताना गोंधळी माणूस कोणाच्या डोळ्यांपुढे येत नाही, आणि ज्या गोंधळी घरांशी माझी ओळख आहे, त्यांनीही कधी हे मनाला लावून घेतलेलं नाही. लांबलचक कंटाळवाण्या बोलण्याला आपण भारूड म्हणतो, तेही याच जातीतलं, अपमान झालाच तर एका सुंदर काव्यप्रकाराचा.

‘सोनारानंच कान टोचावे लागतात’ यातही व्यवसाय आहे, पण कौशल्याचा मान राखून. नाव आलं म्हणून शब्द वाईट ठरत नाही. त्या नावावर कोणता दोष लादला आहे, ते बघायचं.

१०. नाथांच्या भारुडांत महार, जोशी, गारुडी सगळे येतात. ते चालतं, मग आम्हीच का नाही?

पैठणच्या एकनाथांबद्दलचा हा प्रश्न वारकरी घरातल्या मुलांकडून येतो आणि मला आवडतो. नाथ सोळाव्या शतकातले ब्राह्मण. भारुडात ते महाराबद्दल बोलत नाहीत, ते महार होऊन बोलतात. जोहार, म्हणजे महारांचा नमस्कार, घालणारा तोच, आणि समोरच्या ब्राह्मणाला अध्यात्माच्या दोन गोष्टी ऐकवणाराही तोच. शहाणपण त्या पात्राच्या तोंडी आहे.

आपल्या बोलण्यात उलटं होतं. तिथे तो समाज बोलत नसतो, त्याच्या नावानं दुसऱ्या कोणाला तरी खाली पाडलं जातं. एवढा फरक पकडला की भारूड म्हणताना संकोच वाटायचं कारण नाही.

११. मी पुण्यात शिकायला आलेय. “करायलेय”, “जायलेय” म्हटलं की मुली हसतात, एकीनं घाटी म्हटलं. हा पण जातीचाच शब्द का?

जातीचा नाही, प्रदेशाचा. छत्रपती संभाजीनगरात ‘घाटीत नेलंय’ म्हटलं की माणूस सरकारी दवाखान्यात आहे एवढंच कळतं. तिथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाला सगळा मराठवाडा घाटीच म्हणतो. मुंबईकडे मात्र घाटी म्हणजे घाटावरून आलेला, गावंढळ.

तू तुझी बोली सोडू नकोस. करायलेय हे अशुद्ध नाही, ते आपल्या भागाचं व्याकरण आहे, आणि त्याला नियम आहेत. त्या मुलीला शांतपणे सांग की मला हे आवडलं नाही. आणि त्या वेळी पोटात जे कालवलं, ते लक्षात ठेव. आपल्या गावात लमाणीण, कैकाडीण हे शब्द ऐकणाऱ्या मुलींना तेच होतं, फक्त त्यांना घरी परत येऊनही सुटका नसते.

१२. मारवाडी, सरदारजी, अण्णा, भैया हे तर आपण प्रेमानं म्हणतो ना?

काही वेळा हो. नांदेड-लातूरकडे अण्णा हा आपलाच आदराचा शब्द आहे, थोरल्या भावाचा. इडलीवाल्याला त्याच आदरानं म्हणा. ‘मारवाडीपणा करू नको’ यात मात्र प्रेम नाही, सरळ कंजूष म्हणा. ईशान्येकडून आलेल्या मुलांना चिंकी म्हणणं तर कोणत्याही सुरात वाईटच.

सरदारजींचं जरा थांबून सांगते, कारण नांदेड आपलं. गुरू गोविंदसिंगजींनी १७०८ साली तिथे देह ठेवला. तख्त सचखंड हुजूर साहिब तिथे आहे. ‘त्याचे बारा वाजले’ हा मराठी वाक्प्रचार नुकसानीबद्दल वापरला तर ठीक. पण शीख माणसाकडे बघून बारा वाजले का असं विचारणं ही टवाळी आहे. शीख परंपरेत बाराची गोष्ट अशी सांगतात, की परकीय आक्रमकांनी धरून नेलेल्या बायकांना सोडवायला शिखांच्या तुकड्या मध्यरात्री छापे घालायच्या. ते कळल्यावर हसू येत नाही.

१३. आम्हाला “भट”, “भटुरडा” म्हणतात तेव्हा कोणी पान लिहीत नाही.

मग इथे लिहिते. वर्गातल्या मुलाला भटुरडा म्हणणं चूक आहे, त्यानं मान खाली घालावी असं त्यात काही नाही, आणि माझ्या तासाला हे मी चालू देत नाही. त्या मुलाला होणारं दुःख खरं असतं.

पण दोन्ही सारखं आहे असं मला म्हणवत नाही. भामटा या शब्दामागे पोलिसांची हजेरी होती, महार या शब्दामागे गावाची वेठ आणि वेशीबाहेरचं घर होतं. एका शब्दानं मन दुखतं. दुसऱ्यानं मन दुखतं आणि शिवाय भाड्यानं खोली मिळत नाही.

१४. आमच्या तांड्यावरची पोरं एकमेकांना “ए लमाण्या” म्हणतात. मग आम्ही म्हटलं तर काय झालं?

घरात भाऊ भावाला जे म्हणतो, ते पाहुण्यानं म्हणायचं नसतं. समाज स्वतःचं नाव परत हातात घेऊ शकतो, आणि ते मोठं काम असतं. लातूर जिल्ह्यातल्या धनेगावात जन्मलेल्या लक्ष्मण गायकवाडांनी आपल्या आत्मकथनाला ‘उचल्या’ हेच नाव दिलं, समाजाला चोर ठरवणारं. १९८८ साली त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पण म्हणून मी त्या समाजातल्या मुलाला उचल्या अशी हाक मारू शकत नाही.

शिक्षकांनी विचारलंय, वर्गात बंजारा मुलं आपसात म्हणत असतील तर अडवायचं का? मी अडवत नाही. इतर मुलं त्यांचं ऐकून म्हणायला लागली की मग बोलते, आणि बोलणं इतर मुलांशी.

१५. असं बोललं तर ॲट्रॉसिटी लागते का?

सगळ्याच शब्दांना नाही. अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) कायदा १९८९ चा. त्याखाली, या समाजांतल्या नसलेल्या माणसानं त्यांच्यातल्या व्यक्तीला लोकांच्या नजरेसमोर जातीवाचक शिवीगाळ करणं, किंवा हिणवण्याच्या हेतूनं अपमान करणं, हा गुन्हा आहे. लोकांच्या नजरेसमोर म्हणजे सार्वजनिक जागाच हवी असं नाही. घराच्या फाटकात, रस्त्यावरच्यांना दिसेल-ऐकू येईल असं बोललेलंही त्यात येतं. २०२० साली सर्वोच्च न्यायालयानं हेही सांगितलं, की चार भिंतींच्या आत, बाहेरचं कोणी नसताना झालेलं बोलणं या कलमात बसत नाही.

माझ्या विषयाच्या दृष्टीनं महत्त्वाचा निकाल २००८ चा, स्वर्ण सिंग प्रकरणातला. चमार हा तर फक्त जातीचा शब्द आहे, असा युक्तिवाद होता. न्यायालयानं म्हटलं की शब्दाची व्युत्पत्ती काय आहे ते बघायचं नाही, आज तो लोकांत कोणत्या अर्थानं वापरला जातो ते बघायचं. शब्द आधी की जात आधी या वादाचं (प्रश्न ४) उत्तर मला त्यातच मिळालं.

आता अडचण. विमुक्त आणि भटक्या जमातींना या कायद्याचं संरक्षण सरसकट नाही, कारण त्यातल्या बहुतेक अनुसूचित यादीत नाहीत. फासेपारधी अनुसूचित जमातीत आहेत. कैकाडी विदर्भात अनुसूचित जातीत आणि आपल्याकडे विमुक्त जातीत. म्हणजे तीच शिवी, तोच समाज, जिल्हा बदलला की कायदा बदलतो. मला हे न्याय्य वाटत नाही. प्रत्यक्ष प्रकरण असेल तर वकिलाला भेटा, या पानावर विसंबू नका.

१६. आधार कार्डावर पत्ता “महारवाडा” आहे. बदलता येईल का?

डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळानं निर्णय घेतला, की महारवाडा, मांगवाडा, ब्राह्मणवाडा अशी जातिवाचक वस्त्यांची नावं काढून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावं द्यावीत. ग्रामपंचायतीत आधी विचारा की तुमच्या वस्तीचं नाव बदललं आहे का. पुष्कळ ठिकाणी कागदावर बदललं आहे आणि लोकांच्या तोंडी जुनंच आहे.

इथे एका म्हणीबद्दल. ‘गाव तिथे महारवाडा’ अशी जुनी म्हण आहे, आणि तीच म्हण ‘गाव तिथे उकिरडा’ अशीही म्हणतात. एका शब्दाच्या जागी दुसरा किती सहज बसवलाय बघा.

१७. म्हणी-वाक्प्रचार अभ्यासात आले तर शिकवायचे की गाळायचे?

गाळायचे नाहीत, शब्दकोशातूनही नाहीत. मुलं जुनं साहित्य वाचणार, तेव्हा अर्थ कळायला हवा. मी अर्थ सांगते, नाव कुणाचं आहे ते सांगते, हा समाज काय काम करायचा ते सांगते. वाक्यात उपयोग करा या प्रश्नात मात्र असा शब्द देत नाही. चांभारचौकश्या ऐवजी नसती उठाठेव दिलं तरी गुण तेवढेच पडतात.

१८. मामांना कसं सांगू? ते गावात मोठे आहेत, आणि चारचौघांत बोलतात.

चारचौघांत टोकू नको. त्यांना अपमान वाटेल आणि ते तोच शब्द मुद्दाम दहा वेळा म्हणतील. एकटे असताना सांग, आणि तत्त्व सांगू नको, माणूस सांग. ‘मामा, आपल्या शेतावर येणारे वडार काका ऐकत होते’ एवढं पुरतं. आपल्याकडे माणसं तत्त्वापेक्षा ओळखीच्या माणसासाठी लवकर बदलतात. आजी-आजोबांचं वय झालेलं असेल तर त्यांच्या तोंडचा प्रत्येक शब्द बदलायच्या मागे लागू नको. तुझी धाकटी भावंडं तो शब्द उचलतात का, तिकडे लक्ष दे.

१९. अशा शब्दांची यादी करून शाळेत भिंतीवर लावली तर?

कृपया लावू नका. एका शाळेत लावली होती, चांगल्या मनानं. मधल्या सुट्टीत मुलं यादी वाचून एकमेकांना हाका मारत होती, आणि त्यातले निम्मे शब्द त्यांना आधी माहीतच नव्हते. ज्यांच्यासाठी लावली, ती मुलं दिवसभर त्या भिंतीखाली बसली.

शब्द निघेल तेव्हाच, त्या शब्दापुरतं बोला. मलाही नवे शब्द पाठवत राहा, पण नुसता शब्द नको. कोण, कोणाला, कुठे आणि कशावरून म्हणालं, तेही लिहा.